फायटर-रोगला हत्यार कुठलं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात फायटर (लढवय्या) आणि रोग (Rogue, चोरटा) असं मिश्र पात्र घेतलंस तर हा प्रश्न येतोच. फोंड्याच्या आमच्या खेळाच्या टेबलावर नवा येणारा आधी ग्रेटसॉर्डच (दोन हातांनी चालवायची मोठी तलवार) मागतो. मीही मागितली होती, दोन डी-सिक्स (सहा बाजूंचे फासे) डॅमेजचा, म्हणजे इजेचा मोह! पण डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत रोगचा स्नीक अटॅक (जादा डॅमेज देणारा घाव) फिनेस (ताकदीऐवजी चपळाईने चालवता येणाऱ्या) किंवा लांबून मारायच्या हत्यारानेच लागतो. ग्रेटसॉर्ड घेतलीस की तो वाया. तू सरळ रेपियर (सडपातळ टोकदार तलवार) घे: डी-एट (आठ बाजूंचा फासा) डॅमेज, आणि सगळा जोर डेक्स्टेरिटीवर, म्हणजे चपळाईवर.

एवढंच आणखी बघ:
- सोबत शॉर्टबो (छोटं धनुष्य) ठेव. 80 फुटांपर्यंत बिनधास्त मार.
- हत्यार तुझ्या प्रोफिशिएन्सीत (पात्राला नीट चालवता येणाऱ्या हत्यारांत) हवं. हे बरेच जण तपासतच नाहीत.

फीट्स (पात्राची खास कौशल्यं), जादूची हत्यारं नंतर बघू रे. रविवारी कॅरॅक्टर शीट (पात्राच्या माहितीचा कागद) घेऊन ये. पावसात वीज गेली तर मेणबत्तीवर खेळू, फासे तेवढे मोठ्या, ठळक आकडे छापलेले आण.