पित्ताची पिशवी काढली, आता म्हातारपण लवकर येईल का?

प्रश्न : मी ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका. खड्यांमुळे माझी पित्ताची पिशवी काढली आहे. भाचा म्हणतो, पित्तातल्या एका आम्लानं म्हातारपण लांबतं, त्याच्या गोळ्या परदेशातून मागवू. मला तर पिशवीच नाही! माझं नुकसान झालं का? गोळ्या घेऊ का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : बाई, पिशवी ही नुसती साठवणीची टाकी. पित्त बनवतं यकृत, त्यातली आम्लं कोलेस्टेरॉलपासून, आणि तुमचं यकृत जागेवर आहे. आता पित्त न साठता थेट आतड्यात उतरतं, एवढंच.

भाच्याची माहिती खोटी नाही, अर्धी आहे. ते आम्ल लिथोकोलिक. ते यकृतातून येत नाही. यकृतानं पाठवलेल्या आम्लांची मोडतोड करून आतड्यातले जिवाणू ते बनवतात. चीनच्या शियामेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं, की कमी खायला दिलेल्या उंदरांच्या रक्तात ते वाढतं आणि ते दिल्यावर म्हाताऱ्या उंदरांचे स्नायू सुधारतात. फळमाश्या आणि सूत्रकृमी जास्त जगले. उंदरांचं आयुष्य मात्र ठोसपणे वाढलं नाही, आणि माणसाची गोष्ट तर त्याहून लांबची!

मला २०२१ चा जपानी अभ्यास जास्त मोलाचा वाटतो. केयो विद्यापीठाच्या गटानं शंभरी ओलांडलेल्या १६० जणांचं शौच तपासलं. त्यांच्यात लिथोकोलिकचाच एक भाऊबंद इतरांपेक्षा जास्त होता, आणि प्रयोगशाळेत त्यानं जुलाबाचे हट्टी जंतू रोखले. तो त्यांच्या जिवाणूंनी घरच्या घरी बनवलेला, कुठून मागवलेला नव्हे. अर्थात, ते त्याच्यामुळेच शंभरी गाठून गेले, असं यातून सिद्ध होत नाही.

गोळ्या मागवू नका. लिथोकोलिक जास्त झालं तर यकृतालाच बाधतं. पैसे मटकी, ज्वारी आणि तुमच्याकडच्या वाघ्या घेवड्यावर खर्च करा. त्यातला चोथा जिवाणूंचं अन्न आहे. साध्या सर्दीला मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणणं बंद करा, त्यात हे कामकरी जिवाणूही मरतात.

एक विचारायचं राहिलं. तेलकट जेवणानंतर लगेच शौचाला पळावं लागतं का? पिशवी काढलेल्या काहींना तो त्रास होतो, कारण जास्तीचं पित्त मोठ्या आतड्यात पोचतं. लाजून सहन करू नका, डॉक्टरांना सांगा. त्यावर औषध आहे.