गिऱ्हाईक एक, दिसतात चार

या वेळेस चार पत्रं घेतलीयेत आणि चारही एकाच दुखण्याची निघाली, मेसेज पाठवणारा नेमका कोण हेच कळत नाही. प्रिंटरवाले काका, तुमचं पुढच्या अंकात, रागवू नका.

प्रश्न : नमस्कार दादा, मी नागपूरला महाल भागात राहते, घरूनच संत्रा बर्फी आणि सावजी मसाला विकते, कामाला दोन मुली आहेत. आधी सगळं माझ्या मोबाईलवरच चालायचं पण दिवाळीच्या टायमाला मेसेज इतके यायला लागले की भाच्यानं सपोर्टचं एक सॉफ्टवेअर लावून दिलं, त्यात व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, टेलिग्राम आणि वेबसाईटवरची चॅट एकाच स्क्रीनवर येते. आता एकच बाई मला चारदा दिसून राहिली. व्हॉट्सॲपवर नंबर दिसतो, इन्स्टावर नुसतं 'आईची लाडकी', टेलिग्रामवर तर नावाच्या जागी एक टिंब, आणि वेबसाईटवर 'व्हिजिटर'. त्यात आमच्या मुलीनं सारख्या नावाच्या दोन बाया एकच समजून जोडून टाकल्या, तर एकीची ऑर्डर न् पत्ता दुसरीला गेला, खूप बोलणी खाल्ली. हे काऊन होते? सॉफ्टवेअर बदलू का? – एक वाचक, महाल

उत्तर : ताई, बदलू नका, दुसरं घेतलं तरी हेच होईल. गडबड सॉफ्टवेअरमध्ये नाही, ॲपकडून त्याला जेवढं मिळतं त्यात आहे. तुमच्याकडे येणारा कुरियरवाला पोरगा घर कसं शोधतो, 'मंदिराच्या मागे, पिवळं गेट', आत कोण राहतं ते त्याला काय माहीत. सॉफ्टवेअरलाही तसं फक्त गेट दिसतं, आणि प्रत्येक ॲपचं गेट वेगळं असतं.

व्हॉट्सॲपचं त्यातल्या त्यात सोपं. मेसेजसोबत गिऱ्हाइकाचा नंबर येतो, देशाच्या कोडसकट, म्हणजे ९१ आणि पुढे १० आकडे, अधिकचं चिन्ह नाही की स्पेस नाही. नाव येतं ते त्या बाईनं स्वतःच्या प्रोफाईलला ठेवलेलं, तुम्ही मोबाईलमध्ये 'बर्फीवाल्या काकू धरमपेठ' असं सेव्ह केलं असेल ते सॉफ्टवेअरला दिसत नाही. इन्स्टाग्राम आणि मेसेंजर नंबर देतच नाहीत. तिथून येतो लांबलचक आकड्यांचा एक आयडी, तो पण तुमच्या खात्यापुरताच. म्हणजे उद्या तुम्ही मसाल्याचं वेगळं फेसबुक पेज काढलं आणि बर्फीच्या पेजवर बोलणारी बाईच तिथे बोलली तर तिचा आयडी दुसरा येणार. यामुळे दोन दुकानदारांना आपापल्या याद्या ताडून बघता येत नाहीत, आपल्याला त्रास होतो खरा पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघितलं तर बरंच आहे ते. टेलिग्रामच्या बॉटला, म्हणजे मेसेज घेणाऱ्या आपोआप चालणाऱ्या खात्याला, एक आकडी आयडी मिळतो जो बदलत नाही, त्या ॲटच्या चिन्हापुढचं युजरनेम मात्र आज एक उद्या दुसरं, आणि बऱ्याच जणांचं तर नसतंच. नंबर म्हणाल तर गिऱ्हाइकानं स्वतः बटण दाबून शेअर केल्याशिवाय बॉटला तो मिळत नाही. वेबसाईटची चॅट सगळ्यात गरीब, ती ब्राउझरमध्ये एक खूण ठेवून देते, ब्राउझर साफ केला किंवा बाई मोबाईलऐवजी लॅपटॉपवरून आली की झाली नवीन व्हिजिटर.

आता मला शंका अशी आहे की तुमची काही गर्दी तुमच्याच यादीतून आलेली असेल. भाच्यानं जुनी गिऱ्हाइकं एक्सेलमधून टाकली असतील ना? त्यात कुठे शून्य लावून नंबर, कुठे नुसते १० आकडे, कुठे +९१ आणि मधे स्पेस. व्हॉट्सॲपवरून तोच नंबर ९१ लावून आला की बऱ्याच सॉफ्टवेअरला तो जुळत नाही आणि ते गुपचूप नवीन नोंद बनवून टाकतं. एक्सेलची आणखी एक वाईट खोड आहे, ९१ धरून १२ आकडे झाले की नंबरच्या जागी '९.१९ई+११' असलं काहीतरी दाखवतो, आणि तशीच फाईल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की मागचे आकडे गेले ते गेलेच. एका दुकानात मी स्वतः बघितलं, साठेक गिऱ्हाइकांचा नंबर एकच होऊन बसला होता आणि मालक सॉफ्टवेअरवाल्याशी भांडून राहिले होते. तर भाच्याला सांगा, कॉलम आधी टेक्स्ट करायचा, मग सगळे नंबर +९१ आणि त्याला चिकटून १० आकडे असे एकसारखे करायचे, आणि मगच यादी चढवायची.

आणि जोडाजोडीचं. नावावरून जोडायचं नाही, फोटोवरून तर अजिबात नाही, लोक नातवाचा नाहीतर साईबाबांचा फोटो ठेवतात. नंबर तंतोतंत जुळला तर जोडा, एरवी गिऱ्हाइकाकडूनच वदवून घ्या. समजा इन्स्टावर 'आईची लाडकी' म्हणाली की माझी मागची ऑर्डर परत पाठवा, तर तिला तिथेच मनाला येईल तो चार आकड्यांचा कोड द्या आणि म्हणा, ताई हा कोड तुमच्या व्हॉट्सॲपवरून आम्हाला पाठवा. तो कोड ज्या नंबरवरून येईल तो तिचा, आता खुशाल जोडा. यात आणखी एक फायदा आहे, व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाचा मेसेज आला की पुढचे २४ तासच तुम्हाला मोकळेपणानं उत्तर देता येतं, त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेले टेम्प्लेट, म्हणजे ठरलेल्या मजकुराचे मेसेजच चालतात, तर तिनं स्वतः कोड पाठवला की ते २४ तास आपोआप सुरू होतात. बरेच जण व्हॉट्सॲपची अशी लिंक देतात जिच्यात 'ऑर्डर नंबर अमुक' आधीच टाईप केलेलं असतं, सोयीची आहे, पण ते वाक्य पाठवणाऱ्याला खोडून बदलता येतं, त्याला पुरावा समजू नका. टेलिग्रामसाठी भाच्याला सांगा की बॉटच्या लिंकमध्ये स्टार्टच्या पुढे ६४ अक्षरांपर्यंत कोड बसतो, प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा कोड पाठवा, तिनं लिंक दाबून बॉट सुरू केला की कोड तुमच्याकडे येतो आणि टिंबवाली कोण ते कळतं. त्यात फोन नंबर मात्र घालू नका, लिंक फॉरवर्ड होतात.

खात्री नसेल तर दोन्हीकडे 'बहुतेक तीच बाई' अशी नोट टाकून सोडून द्या. दोन नोंदी राहिल्या तर मुलीला थोडं शोधावं लागेल, एवढंच. चुकीचं जोडलं तर काय होतं ते तुम्ही भोगलंच आहे, आणि ते मागे घेता येईलच असं नाही, झेनडेस्क नावाच्या सपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये तर एकदा जोडलेले दोन युजर परत सुटे करताच येत नाहीत. मुलींच्या लॉगिनमधून ते जोडायचं बटण काढता येत असेल तर आजच काढा.

प्रश्न : भाऊ, आमचं वर्धा रोडला वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसचं काम आहे. मागच्या हप्त्यात एका नंबरवरून व्हॉट्सॲप आला, सिस्टीमनं नाव, मनीषनगरचा पत्ता, तीन वर्षांच्या तक्रारी असं सगळं दाखवलं, आमच्या पोरानं लगेच पत्ता टाकून लिहिलं 'सर तुमचा फिल्टर बदलायचा झाला, उद्या येतो'. तर समोरचा म्हणे मी हिंगण्याला राहतो, तुम्हाला पहिल्यांदाच मेसेज करून राहिलो, हा कोणाचा पत्ता पाठवला? नंबर तर बरोबर होता हो. – एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : नंबर बरोबरच होता भाऊ, भाडेकरू बदलला. बंद पडलेला मोबाईल नंबर कंपन्या काही दिवसांनी दुसऱ्याला देतात, किमान ९० दिवस थांबून, हे ट्रायनं, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातही सांगितलं होतं. सिम नवीन माणसाकडे गेलं, त्यानं त्यावर स्वतःचं व्हॉट्सॲप सुरू केलं, तुमच्या सिस्टीमला मात्र तेच पिवळं गेट दिसलं. जुन्या गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपमधल्या 'नंबर बदला' या सोयीतून नंबर बदलला असेल तर तशी सूचना व्हॉट्सॲप धंद्याच्या खात्याला पाठवू शकतं, तुमचं सॉफ्टवेअर ती वाचतं का ते एकदा विचारा. पण ज्यानं सिम फेकून दिलं त्याची कसली सूचना येणार.

मी काय करीन सांगतो. ज्या नंबरशी तीन महिन्यांत बोलणं झालं नाही त्याच्याशी पहिला मेसेज कोरा, नाव नाही, पत्ता नाही, 'नमस्कार, कोणत्या भागातून बोलताय आणि मशीन कोणती आहे?' उत्तर जुळलं तरच जुनी नोंद उघडायची. आपण पत्ता वाचून दाखवून 'हाच ना?' विचारलं की समोरचा हो म्हणून मोकळा होतो, ते विचारणंच चुकीचं. आणि आता त्या जुन्या नोंदीत नाव खोडून हिंगण्यावाल्याचं नाव लिहू नका हं, बरेच जण हेच करतात आणि मग मनीषनगरच्या तक्रारी त्याच्या डोक्यावर बसतात. जुन्या नोंदीतून नंबर काढा, नवीन माणसाची नवीन नोंद करा. एक नंबर म्हणजे एक माणूस हे तसंही आपल्याकडे खरं नाही, काकांच्या व्हॉट्सॲपवरून काकू बोलतात आणि सुट्टीत नातू.

मनीषनगरच्या माणसाला शोधून फोन करा आणि झालं ते सांगा, माफी मागा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती सांभाळण्यात कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड लिहिलाय. सर्व्हिसवाल्याला कोणी एवढा लावत नाही बावा, पण पोराला हा आकडा सांगा, त्याच्या लक्षात राहील.

प्रश्न : सर, मी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये डेव्हलपर आहे. आमच्या साईटवर चॅट सुरू करताना फक्त नाव आणि ईमेल विचारतो, आणि ईमेल जुळला की सपोर्टवाल्याला त्या युजरच्या जुन्या चॅट दिसतात. टेस्टिंगमध्ये मी सहज मॅनेजरचा ईमेल टाकला तर समोरचा सपोर्टवाला मला मॅनेजर समजूनच बोलायला लागला. लॉगिन कंपल्सरी करू का? – एक वाचक, परसोडी

उत्तर : पकडलंत हे छान झालं, दुसऱ्या कोणी पकडलं असतं तर ते तुम्हाला सांगायला आलं नसतं. टाईप केलेला ईमेल म्हणजे फक्त सांगितलेली गोष्ट, तिच्यावर जुन्या चॅट उघडायच्या नाहीत. लॉगिन सगळ्यांना कंपल्सरी नको, किंमत विचारायला आलेला माणूस पळून जाईल. ज्यानं लॉगिन केलंय त्याच्यासाठी तुमच्या सर्व्हरनं सही केलेलं टोकन, म्हणजे ओळखपत्रासारखा एक कोड, बनवून चॅटला द्यायचं, झेनडेस्कमध्ये ही सही जेडब्ल्यूटी या पद्धतीनं होते, चॅटवूट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एचमॅकनं. त्यात युजरची ओळख म्हणून तुमच्या डेटाबेसमधला न बदलणारा आयडी टाका, ईमेल नको, लोक नोकरी बदलली की ईमेल बदलतात. आणि ही सही ज्या गुप्त किल्लीनं (सीक्रेट की) होते ती सर्व्हरवरच ठेवा, घाईघाईत वेबपेजच्या जावास्क्रिप्टमध्ये ठेवून दिलेली मी बघितलीये, तिथे ती कोणीही वाचतं आणि मग सहीला काही अर्थ उरत नाही. लॉगिन नसलेल्यांचा ईमेल घ्या जरूर, पण सपोर्टवाल्याच्या स्क्रीनवर त्याच्या बाजूला ठळक 'तपासलेला नाही' दिसू द्या.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, दुकानवाल्यांना मेसेज केला की माझा नंबर त्यांच्याकडे जातो का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : व्हॉट्सॲपवर जातो. इन्स्टाग्रामवर नाही, तिथे तुझं नाव आणि हँडल दिसतं. टेलिग्रामच्या बॉटला तू स्वतः शेअर केलास तरच. व्हॉट्सॲपनंही युजरनेम आणायचं जाहीर केलंय, ते घेणाऱ्याचा नंबर दुकानाकडे जाईलच असं नाही, त्याऐवजी त्या दुकानापुरता एक आयडी जाईल, म्हणजे वरच्या पत्रातल्या ताईंची डोकेदुखी अजून वाढणार. आणि टेलिग्रामवर नावाच्या जागी टिंब ठेवणारी तूच असशील तर बाई, ऑर्डर देताना नाव आणि पत्ता नीट लिहीत जा, बर्फी टिकत नाही फार दिवस.