कर्नल कोसळतो एकीकडे, चूक असते दुसरीकडे

प्रश्न : मॅडम, मी तासगावचा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी लिनक्स कर्नलचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं, छोटं मॉड्यूल लिहिलं, त्यात एक टायमर आहे. डिव्हाइस फाइल बंद केली की काही वेळानं मशीन कोसळतं, दर वेळी वेगळ्याच फंक्शनमध्ये. स्लबचं (कर्नलच्या मेमरी-वाटपाचं) डीबगिंग चालू केल्यावर रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी असं काहीतरी दिसतं. तीन आठवडे गेले. मित्रांना वेब डेव्हलपमेंटच्या इंटर्नशिप मिळाल्या. हा नाद सोडू का?

उत्तर : सोडायचं की नाही ते नंतर बघू. आधी ते ६बी. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे आणि तू तिला ‘असं काहीतरी’ म्हणून मोकळा झालास! स्लब डीबगिंगमध्ये सोडून दिलेल्या मेमरीत कर्नल मुद्दाम ६बी हा बाइट भरून ठेवतो. पॉइंटरच्या जागी तोच दिसतोय, म्हणजे केफ्री करून, म्हणजे परत देऊन, झाल्यावरही ती मेमरी कुणीतरी वापरतंय.

तू तासगावचा, म्हणून शेतीतलंच सांगते. जमीन विकली, पण गड्याला कळवलं नाही. तो ठरल्या दिवशी आला आणि नांगर घालून गेला. बोंब कोण मारणार? नवा मालक. तुझा कर्नल ज्या फंक्शनमध्ये कोसळतो, ते बहुतेक वेळा हा नवा मालक असतं. मालक दर वेळी वेगळा, म्हणून क्रॅशही वेगळा. तीन आठवडे तू त्यालाच उलटतपासत बसलास.

गडी शोधायला केसॅन वापर, मेमरीतल्या अशा चुका पकडणारं साधन. २०१५ मध्ये, ४.० आवृत्तीपासून ते कर्नलमध्ये आहे. दर आठ बाइटांमागे एक बाइट वेगळा ठेवून ते कुठली मेमरी वापरणं वैध आहे याची नोंद ठेवतं. कर्नल त्यामुळे हळू होतो, होऊ दे. चूक घडते त्याच क्षणी तुला तीन गोष्टी मिळतील : मेमरी कुणी वापरली, कुणी घेतली होती आणि कुणी सोडली. माझा संशय टायमरवर आहे. तो थांबवून, चालू असलेला हँडलर (टायमरची वेळ झाली की चालणारं फंक्शन) संपेपर्यंत थांबून, मगच केफ्री करायला हवं. आणि हे सगळं क्यूईएमयूमध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये, चालव रे, स्वतःच्या लॅपटॉपवर नको. नोकरीत असताना मी हा शहाणपणा डिस्क एकदा गमावल्यावर शिकले.

आता नोकरीचं. फ्रेशरसाठी कर्नलच्या जागा वेबपेक्षा खूपच कमी, हे खरं आहे. कॅम्पसला येणाऱ्या बहुतेक कंपन्या याबद्दल विचारणारही नाहीत, त्यामुळे डेटा स्ट्रक्चर्सची तयारी सोडू नकोस. पण पुणे, बंगळुरू, हैदराबादला स्टोरेज, चिप आणि व्हर्च्युअलायझेशनच्या कंपन्या आहेत, तिथे सी भाषा येणारे पुष्कळ भेटतात. असा क्रॅश धीरानं सोडवलेला क्वचितच भेटतो. तुझ्याकडे तसा एक आहे, अर्धा सुटलेला.

तो सुटला की कर्नलमधले बग आपोआप शोधणाऱ्या गूगलच्या सिझबॉटकडे वळ. सापडलेले बग तिथे सगळ्यांना बघायला खुले असतात, पुष्कळांसोबत ते पुन्हा घडवणारा प्रोग्रॅमही असतो. एक छोटा निवड, स्वतःच्या क्यूईएमयूत घडवून बघ, कारण शोध. काही मुलं कॉमेंटमधलं स्पेलिंग सुधारून पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवतात. पद्धत कळायला एकदा ठीक; रेझ्युमेवर तसले दहा पॅच बघून माझं तरी मत बदलत नाही. लिनक्स फाउंडेशनचा नवशिक्यांसाठीचा कर्नल कोर्स मोफत आहे, त्यांचा मेंटॉरशिप कार्यक्रमही आहे. अर्ज करायचा तर आधी हा बग संपव.

मित्रांच्या इंटर्नशिपचं वाईट वाटणं साहजिक आहे. त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण त्या तीन आठवड्यांत काय काय करून पाहिलंस आणि प्रत्येक वेळी लॉगमध्ये काय आलं, ते आठवेल तसं आजच लिहून ठेव. मुलाखतीत मी असते, तर मॉड्यूल बाजूला ठेवून आधी तीच वही मागितली असती.