जळगावहून दिवाळीच्या सुट्टीत सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि पचमढी : चार दिवस कसे आखावेत?

तुम्ही विचारलंय की पाच जण (तुम्ही दोघं, आई-वडील आणि नऊ वर्षांची मुलगी) जळगावहून चार दिवसांसाठी सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि पचमढी करू शकतात का, आईंच्या गुडघ्यांना झेपेल का, आणि हॉटेल आधी घ्यावं की तिकीट. चार दिवसांत नीट होतं. हॉटेल मात्र सगळ्यात शेवटी घ्या. सफारीचा परवाना आणि परतीचं रेल्वे तिकीट या दोन गोष्टी अडतात, खोली कुठे ना कुठे मिळतेच.

आपल्याकडे सातपुडा म्हटलं की पाल, यावल, तोरणमाळ डोळ्यांसमोर येतं. हे उद्यान त्याच रांगेत, पण मध्य प्रदेशात, नर्मदापुरम (जुनं नाव होशंगाबाद) जिल्ह्यात आहे. आपल्या बाजूचा सातपुडा काळ्या बेसाल्टचा, तर पचमढीचा वालुकाश्माचा. तो दगड पाणी मुरवून ठेवतो आणि सरळ उभा चिरतो, म्हणून तिथे खोल दऱ्या, गुहा आणि पाऊस संपल्यावरही वाहणारे झरे दिसतात. पाहायच्या जागा दोन आहेत. खाली देनवा नदीच्या काठावर मढई, तिथून जंगल सफारी होते. वर साधारण १,०६७ मीटरवर पचमढी.

तारीख ठरवण्याआधी घरात एक प्रश्न सोडवा : धबधबे हवेत की प्राणी? उद्यानाचं कोअर क्षेत्र (आतला गाभा) १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं आणि १ ऑक्टोबरला उघडतं. ऑक्टोबरमध्ये धबधबे भरलेले असतात आणि जंगल हिरवंगार असतं, पण गवत उंच वाढलेलं असल्याने दहा पावलांवरचं अस्वलही दिसत नाही. शिवाय जंगलात जागोजाग पाणी असल्याने प्राणी ठरावीक पाणवठ्यावर येत नाहीत. तवा धरणाचं पाणी मागे देनवेपर्यंत पसरलेलं असतं. ते हळूहळू ओसरतं, तसे काठावर कोवळ्या गवताचे पट्टे उघडे पडतात आणि गवे, चितळ तिथे चरायला उतरतात. त्यामुळे प्राण्यांसाठी नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ऑक्टोबरपेक्षा नक्कीच चांगला. पट्टकदंब आणि चक्रवाक हे हिवाळी पाहुणेही तोवर येऊ लागतात. हतनूरच्या जलाशयावर पक्षी पाहिले असतील तर मुलीला ते लगेच ओळखता येतील. दिवाळी ऑक्टोबरात आली तर धबधब्यांची सहल धरून चाला, नोव्हेंबरात आली तर मढईला जास्त वेळ द्या.

आता रेल्वे, कारण बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. भुसावळहून इटारसीकडे भरपूर गाड्या आहेत, पण त्यातल्या बऱ्याच पुढे भोपाळकडे वळतात. तुम्हाला जबलपूरकडे जाणारी गाडी हवी. पचमढीसाठी पिपरियाला उतरायचं, मढईसाठी त्याआधीचं सोहागपूर जवळचं. सोहागपूरला थोड्याच गाड्या थांबतात, म्हणून पिपरिया धरणं सोयीचं. भुसावळ ते पिपरिया साधारण सहा-सात तास. थेट गाडीत जागा नसेल तर इटारसीला उतरून टॅक्सी करा.

जबलपूर मार्गाच्या याच गाड्या पुढे प्रयागराज आणि बिहारकडे जातात. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा असते. तिच्या आधी तिकडे जाणाऱ्या आणि नंतर तिकडून परतणाऱ्या गाड्या खचाखच भरतात, आरक्षित डब्यातही दाराशी उभं राहायला जागा नसते. वेटिंगच्या भरवशावर आई-वडिलांना नेऊ नका. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं, तर त्या सकाळी आठ वाजताच जाण्याचं आणि तीन दिवसांनी परतीची तारीख खुली झाली की लगेच तिचंही तिकीट काढा. जमत नसेल तर बऱ्हाणपूर, खंडवा, हरदा, इटारसी या रस्त्याने स्वतःची गाडी न्या. चारशेहून जास्त किलोमीटर होतात, पूर्ण दिवस जातो, पण छठच्या आठवड्यात तेच बरं.

सफारीचं बुकिंग मध्य प्रदेश वनविभागाच्या ऑनलाइन यंत्रणेवर होतं. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरावा लागतो आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. भरताना पॅन आणि नेताना आधार असं केलं की अडकता. एका जिप्सीत (सफारीच्या उघड्या गाडीत) सहा पर्यटक बसतात, म्हणजे तुम्ही पाच जण एकाच गाडीत मावता. बुधवारी दुपारची सफारी बंद असते, तेव्हा मढईचा पूर्ण दिवस बुधवारी येऊ देऊ नका.

मी दिवस असे लावीन. पहिल्या दिवशी पिपरियाहून मढई गाठा, चाळीसेक किलोमीटर आहे. त्या दुपारची सफारी घेऊ नका. गाडी दोन तास उशिरा आली की परवान्याचे पैसे बुडतात. दुसऱ्या दिवशी सकाळ-दुपार दोन्ही सफाऱ्या घ्या. मढईला होडीने देनवा ओलांडून जिप्सीत बसायचं असतं, तेव्हा दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी काठावर हजर राहा. आईंना मागच्या सीटवर बसवू नका. ती चाकांच्या वर येते आणि प्रत्येक खड्डा कमरेत बसतो. ड्रायव्हरच्या लगेच मागची सीट सगळ्यात कमी हादरते. दोन सफाऱ्या जड वाटल्या तर आईंसाठी दुपारी नदीतली होडीची फेरी ठेवा. पायी आणि पाण्यातून जंगल दाखवणं ही या उद्यानाची खासियत आहे. केवळ वाघासाठी येणार असाल तर दुसरं जंगल निवडा. इथे गवा, अस्वल, शेकरू आणि कान्ह्याहून आणून सोडलेले बारशिंगे पाहण्यात खरा आनंद आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पचमढीला निघा, साधारण नव्वद किलोमीटर. मटकुलीनंतर घाट लागतो. मुलीला गाडी लागत असेल तर गोळी मटकुलीला नको, निघण्याआधी अर्धा तास द्या. धूपगड, बी फॉल, अप्सरा विहार या जंगलातल्या ठिकाणी स्वतःची गाडी सोडत नाहीत. बायसन लॉजजवळच्या कार्यालयातून परवाना घेऊन नोंदणीकृत जिप्सी करावी लागते. सुट्टीत तिथे रांग असते, म्हणून पोचल्यावर आधी तेच काम. त्याच संध्याकाळी धूपगडचा सूर्यास्त पाहा. १,३५० मीटरचं हे सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर आहे आणि जिप्सी जवळपास माथ्यापर्यंत जाते, त्यामुळे आईंना कष्ट नाहीत.

गुडघ्यांसाठी चौरागडचं डोंगरावरचं मंदिर सरळ वगळा, तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. बी फॉललाही खूप उतरावं लागतं, आणि दुखतं ते परत चढताना. जटाशंकर या गुहेतल्या मंदिराच्या पायऱ्या हळूहळू जमतील. हांडी खोह ही खोल दरी आणि पांडव गुंफा चौथ्या दिवशी सकाळी आरामात होतात. त्या दिवशी गाडी सुटण्याच्या तीन तास आधी पचमढी सोडा, पन्नासेक किलोमीटरचा उतार अंधारात करायचा नाही.

कपड्यांच्या बाबतीत खान्देशातले लोक हमखास फसतात. इथे दुपारी ऑक्टोबर हीटने अंग भाजत असतं, म्हणून स्वेटर घरीच राहतो. तिथे उघड्या जिप्सीत पहाटे नदीकाठचा वारा लागतो आणि हात बधिर होतात. प्रत्येकाला कानटोपी, जाड जाकीट आणि मोजे घ्या. सूर्य वर आल्यावर काढता येतील असे दोन-तीन थर एका जाड स्वेटरपेक्षा उपयोगी. पांढरे, भडक रंग नकोत. दुर्बीण ८ × ४२ ची पुरे.

रेल्वेत खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या, दोन दिवस टिकतात. पचमढीत मात्र पिशवी हातात उघडी ठेवू नका, जटाशंकर आणि महादेवकडची माकडं थेट हिसकावतात.