घोडा बदलला, चाप तोच राहिला

प्रश्न असा आहे: अमेरिकन यादवी युद्धातल्या एका पिस्तुलाच्या वर्णनात ‘आघाती पिस्तुलात रूपांतरित, घोडा नवा’ असा अनुवाद केला आहे. मूळ इंग्रजी शब्द ‘percussion’. त्याला ‘आघाती’ चालेल का? आणि घोडा म्हणजे बोटाने ओढायचा तोच ना?

‘आघाती’ मला पटत नाही, कारण आघात जुन्या चकमकीच्या आणि नव्या टोपीच्या, दोन्ही प्रकारांत आहे. चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यातली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणग्या पेल्यातल्या रंजकावर, म्हणजे पेटवायच्या चिमूटभर दारूवर, पडतात आणि आग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक छिद्रातून, आत शिरते. (तोफेच्या कानात खिळे ठोकत, तोच हा कान.) टोपीच्या पिस्तुलात रंजक नाही, पेला नाही. नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या पोकळ बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. तिच्यात पाऱ्याचे फल्मिनेट. घोडा पडला की ती दिवाळीतल्या टिकलीसारखी फुटते आणि आग थेट आतल्या दारूला लागते. फरक आहे तो आग कुठून येते याचा. तोड्याची, चकमकीची, टोपीची ही बंदुकांची नावे त्यावरूनच पडली. ‘ठासणीचे’ म्हणूनही भागणार नाही. बदलाआधी आणि नंतरही दारूगोळी तोंडातूनच ठासायची.

आता घोडा. बोलताना आपण सर्रास ‘घोडा दाबला’ म्हणतो, पण बोटाने दाबतो तो चाप; घोडा म्हणजे चाप दाबल्यावर वरून आपटतो तो भाग. एरवी चालून जाते, इथे अर्थ उलटतो. अमेरिकन लष्कराचे 1836 चे पिस्तूल घ्या. रॉबर्ट जॉन्सन आणि एसा वॉटर्स यांनी बनवलेले, .54 कॅलिबरचे, त्या लष्कराचे शेवटचे चकमकी पिस्तूल. टोपीवर आणताना गारगोटीचा घोडा काढून हातोडीसारखा घोडा बसवला, पेला आणि पोलादी पट्टी उतरवली, कानाच्या जागी बोंडीची सोय केली. चाप होता तसाच राहिला.

सरकारी शस्त्रशाळांत असे बदल युद्धाच्या आधीपासून चालू होते. 1861 मध्ये लढाई पेटली तेव्हा शस्त्रांची टंचाई, विशेषतः दक्षिणेत. मग कोठारांतली जुनी चकमकीची हत्यारे निघाली आणि गावोगावच्या बंदूककारांच्या हातीही पडली. कुलपाच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर बुजवलेली भोके दिसली तर समजावे, तिथे पूर्वी चकमकीचे सुटे भाग होते.

मी असे लिहीन: ‘चकमकीवरून टोपीवर आणलेले पिस्तूल, घोडा नवा, चाप मूळचा.’ ‘रूपांतरित’ ठेवायचेच असेल तर ठेवा, पण कशातून कशात ते सांगा.