दुसऱ्याच्या ओंजळीने

“मला स्वतःचे असे मतच नाही, कोणाला तरी विचारल्यावाचून निर्णय घेताच येत नाही.” ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या वेळा येते, आणि तीही शिकलेल्या, जबाबदारीच्या जागी काम करणाऱ्या माणसांकडून, की तिच्याविषयी लिहावे असे वाटले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक अनुभव सांगते.

चाळिशी ओलांडलेल्या त्या बाई बँकेत अधिकारी होत्या. बढती मिळत होती, पण तिच्याबरोबर नागपूरला बदली होती आणि मुलगी दहावीत जाणार होती. यजमान, सासूबाई, वरिष्ठ, मैत्रिणी, सगळ्यांची मते त्यांनी वहीत तारीखवार उतरवली होती. स्वतः काही बोलल्या की शेवटी ‘बरोबर ना?’ ठरलेले.

तिसऱ्या भेटीत वहीसोबत एक पुस्तक आले: तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींचे ‘फ्रीडम फ्रॉम द नोन’. त्यांच्या व्याख्यानांतून संकलित केलेले हे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना लहानपणापासून जगद्गुरू म्हणून घडवले गेले, त्याच कृष्णमूर्तींनी ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, आपल्याभोवती उभी राहिलेली ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही संघटना अनुयायांसमोरच विसर्जित केली होती. बाईंनी पुस्तक उघडले आणि पेन्सिलीने अधोरेखित केलेली वाक्ये मला एकामागून एक वाचून दाखवली.

“या रेघा तुमच्या?”

“नाही, मावसभावाच्या. पुस्तक त्याचेच आहे. त्याचा यातला अभ्यास मोठा आहे.”

“रेघ नसलेले एखादे वाक्य तुम्हाला भिडले का?”

त्या बराच वेळ पाने उलटत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “रेघा नसलेले मी वाचलेच नाही.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समजावण्याचा मोह आवरता येणे हे माझ्या मते समुपदेशकाचे खरे शिक्षण, आणि मला ते जमायला बरीच वर्षे लागली. त्यांचे डोळे भरून आले, पण लगेच त्या सावरून बसल्या. स्वातंत्र्यावरचे पुस्तकही आपण दुसऱ्याच्या ओंजळीने प्यायलो, हे त्यांना त्यांच्याच उत्तरातून उमगले होते. मी सांगितले असते, तर वहीत माझ्या मताची आणखी एक नोंद झाली असती.

अशा व्यक्तींना ‘कोणाचेच ऐकू नका’ असा सल्ला दिला जातो, तो मला चुकीचा वाटतो. कृष्णमूर्ती याच पुस्तकाच्या आरंभी बजावतात की बाहेरची सत्ता झुगारणे त्या मानाने सोपे आहे. आपल्या साठवलेल्या अनुभवांची आणि मतांची जी सत्ता आत बसलेली असते, ती ओळखणे कठीण असते. केवळ प्रतिक्रिया म्हणून केलेले बंडही नवा साचाच तयार करते. म्हणून मी विचारणे बंद करायला सांगत नाही. विचारण्यासाठी फोन हातात घेताना मनात नेमके काय चालते, ते पाहायला सांगते. माहिती हवी आहे की उद्या चुकले तर दोष द्यायला कोणी तरी हवे आहे? माहितीसाठी जरूर विचारावे. दुसरे कारण दिसले तर स्वतःला रागावू नये, कारण रागावणाराही बहुधा आतला जुना वडीलधाराच असतो. ती भीती न लपवता पाहावी आणि मग वाटल्यास फोन करावा.

बाईंनी पंधरा दिवस तेवढेच केले. नंतरच्या भेटीत रेघा नसलेल्या एका परिच्छेदाशेजारी त्यांनी स्वतः काढलेले प्रश्नचिन्ह दाखवले. “भूतकाळ पूर्ण सोडून देण्याविषयी ते म्हणतात, ते मला पटलेले नाही,” असे म्हणून त्यांनी पुस्तक मिटले. माझ्या संमतीची वाट त्यांनी पाहिली नाही. मला मनापासून समाधान वाटले.

बदली त्यांनी स्वीकारली. मुलगी दहावीचे वर्ष संपेपर्यंत वडिलांजवळ राहणार, हे तिघांनी बसून ठरवले. आणि त्या बैठकीला जाताना वही घरातल्या कपाटातच राहिली होती.