महाविद्यालयात लांब पल्ल्याचा धावपटू असलेला माणूस पुढे चांगला प्रशिक्षक होऊ शकतो का?

विद्यापीठाच्या संघातून ५,००० आणि १०,००० मीटर धावलेल्या, पण राष्ट्रीय पदक न मिळवलेल्या माणसाने गावी परतून मुलांना शिकवायला घेतले, तर त्याला यश येईल का, असे आपण विचारले आहे. मी याच वाटेने आलो आहे. महाविद्यालयात असताना मी क्रॉस कंट्री आणि १०,००० मीटर धावत होतो आणि आता बरीच वर्षे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही भागात मुलामुलींचा सराव घेतो. त्यांतील काही विद्यापीठाच्या संघात गेले, अनेक जण पोलीस आणि वनखात्यात लागले. त्या अनुभवावरून सांगतो की यश नक्की येऊ शकते, आणि पदक नसणे ही त्यातली मोठी अडचण नाही.

न्यूझीलंडचे नामवंत प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करत आणि मॅरेथॉन धावत. त्यांच्याकडे ऑलिंपिक पदक नव्हते. तरीही १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे आणि मरे हॅलबर्ग यांनी ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले, आणि हे दोघेही त्यांचेच शिष्य होते. ८०० मीटर धावणाऱ्या स्नेल यांच्याकडूनही ते ३५ किलोमीटरची लांब धाव करून घेत. आधी स्वतः महिनोन्‌महिने धावून त्यांनी ती पद्धत बसवली होती. धावपटू म्हणून आलेला हा अनुभवच आपले भांडवल आहे. १०,००० मीटरच्या, म्हणजे २५ फेऱ्यांच्या शर्यतीत तिसऱ्या किलोमीटरला वाटणारा हलकेपणा किती फसवा असतो, हे पुस्तक वाचून कळत नाही.

आपल्याकडे येणारी बहुतेक मुले पदकासाठी येणार नाहीत, भरतीसाठी येतील, हे मात्र आधीच धरून चाला. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, म्हणून मुले रोज घड्याळ लावून तेवढेच अंतर जीव तोडून पळतात. दोन महिन्यांत वेळ सुधारायची थांबते आणि नडगी दुखू लागते. १,६०० मीटरच्या धावेतही तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते, आणि ती क्षमता मुख्यतः संथ, लांब धावण्याने वाढते, कारण त्याने स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. माझ्याकडे नवा मुलगा आला की पहिले काही आठवडे त्याला शेजारच्याशी गप्पा मारत धावायला सांगतो. वाक्य मध्येच तुटले तर वेग कमी करायचा. हे त्यांना अजिबात आवडत नाही. त्यांना आवरून धरणे हे या कामातले सर्वांत कठीण काम आहे, असे माझे ठाम मत आहे. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, तयार झाल्याशिवाय कोणी रोवणी (लावणी) करत नाही, एवढे सांगितले की आमच्याकडच्या पालकांना ते पटते.

सरावाचे वेळापत्रक गावाच्या कामाकडे पाहून करावे लागते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला अख्खी घरे उजाडायच्या आत जंगलात जातात, म्हणजे नेमकी सरावाचीच वेळ जाते. त्यात पारा ४५ अंशांच्या वर चढलेला असतो. रोवणीच्या दिवसांत मुली दिवसभर बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, चिखलात वाकून असतात. त्या संध्याकाळी वेगाच्या धावा देणे म्हणजे दुखापत ओढवून घेणे आहे. रोवणी हाच त्या आठवड्याचा व्यायाम मी धरतो आणि फक्त वीस मिनिटे हलके धावून घेतो. शिवाय आमच्या भागात वाघ आहेत. जंगलालगतच्या रस्त्यावर अंधारात कोणालाही एकटे धावू देऊ नका. उजाडू द्या, गटाने धावा, आणि शक्यतो शाळेच्या मैदानावरच फेऱ्या मारा.

रक्ताची तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. माझ्याकडची ३,००० मीटर धावणारी एक मुलगी काही आठवड्यांपासून मागे पडत होती. पहिल्या दोन फेऱ्या ठीक जात, मग खांदे वर चढत आणि ओठ पांढरे पडत. ती म्हणाली, "सर, पायच नाही उचलून राह्यले." तिला आळशी ठरवणे सोपे होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासल्यावर हिमोग्लोबिन ९ च्या खाली निघाले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, भाताच्या ताटात लाखोळीच्या डाळीच्या वरणाबरोबर अंडी आणि तलावातले मासे आले, आणि काही महिन्यांनी ती पूर्वीच्या वेगाने धावू लागली.

पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाणही बरेच आहे. वाहक असलेली, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच तो दोष आलेली मुले सहसा निरोगी असतात आणि त्यांनी धावायला हरकत नसते, परंतु उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, विश्रांतीशिवाय जोराच्या धावा एकामागून एक दिल्या तर क्वचित त्यांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून तपासणी आधी करून घ्या, वाहक मुलांना दोन धावांमध्ये जास्त विश्रांती द्या, आणि धावताना अंगात एकाएकी त्राण राहिले नाही असे कोणी म्हणाले तर धाव तिथेच थांबवून त्याला सावलीत घ्या आणि दवाखाना गाठा. ज्याला प्रत्यक्ष आजार आहे, त्याचा सराव डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

शिक्षणाचे म्हणाल तर अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षणाची पदवी घेता येते आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाची पदविका मिळते. शासकीय नोकरीसाठी हे लागतेच, पण त्यासाठी मैदानावरचे काम थांबवू नका. चार-पाच मुले घेऊन आत्ताच सुरुवात करा आणि प्रत्येकाची वही ठेवा. धावलेले अंतर, झोप, सकाळी उठल्याबरोबरची नाडी आणि त्या दिवशी शेतात केलेले काम एवढे तिच्यात रोज लिहून घ्या, आणि दर रविवारी ती वही त्या मुलाला शेजारी बसवून वाचा.